सोमवारी न जुंपलेली भिंत

बांधणाऱ्यानंच आपल्या भिंतीला तडा पाडून दाखवायचा, आणि भिंतीनं तो आपला आपण बुजवून दाखवायचा, अशी सजीव बांधकामाच्या नव्या कायद्यात अट होती. सोलापूरच्या विणकर रुग्णालयाच्या दोन्ही विंगना वैशाखात जॅक लावून असे तडे पाडले होते. आज सरकारी परीक्षक नाईकनवरे ते तपासायला आले होते.

सकाळी नऊच्या आतच पारा बेचाळिसावर गेला होता. गवंडी गारव्याची जाकिटं घालून सावलीला उभे होते. पश्चिमेच्या विंगमध्ये नाईकनवऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि तडा शोधायला लागले. तडा नव्हताच. तो होता तिथे पांढरी, गुळगुळीत रेघ होती. त्यांनी ती नखानं खरवडून पाहिली, मग पाण्याचा फवारा मारला. भिंतीच्या पलीकडे एक थेंब उतरला नाही.

"भिंतीनं विभूती लावली बगा, सायब," रेवम्मा म्हणाली. रेवम्मा पाणी मारणाऱ्या बायकांची मुकादम. साहेब असो की सावकार, गप्प बसणं तिला जमत नसे.

नाईकनवरे हसले आणि हसत हसत पूर्वेच्या विंगमध्ये गेले. तिथे हसू मावळलं. तडा पाडला तसाच होता. फवारा मारल्याबरोबर पलीकडे ओल उतरली आणि ओघळ जमिनीपर्यंत गेला.

"माती एक, गवंडी एक, जीवाणू एक," नाईकनवरे म्हणाले. "मग एक भिंत पास आणि एक नापास कशी?"

प्रश्न सौजन्या हविनाळेला होता. ती बांधणाऱ्या कंपनीची जीवाणुतज्ज्ञ. सत्तावीस वर्षांची पोर, पण भिंतीला काय, किती आणि कधी खायला घालायचं, ते तिच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून ठरायचं. तिचा चेहरा उतरला होता.

"कारण शोधते, सर."

"शोधा. मी नवरात्राच्या आधी परत येतो. तेव्हाही गळली, तर या विंगला बाहेरून सिमेंटचं कवच चढवायचं. माझा नाइलाज आहे. आत आजारी माणसं झोपणार आहेत."

सौजन्याच्या मागे तिची आई उभी होती. महानंदा हविनाळे, या साईटची मुख्य इंजिनियर. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, डोक्यावर पिवळं हेल्मेट. भिंत पास कशी झाली आणि नापास कशी झाली, याचं कारण त्या आवारात एका तिलाच ठाऊक असावं, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं. आणि तिनं हेल्मेट कपाळावर आणखी खाली ओढलं.

सिमेंट हा शब्द हत्तुरे बांधकामच्या साईटवर मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. मालक विरूपाक्षअप्पा हत्तुरे एके काळी जिल्ह्यात सगळ्यांत जास्त सिमेंट ओतणारे बिल्डर होते. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या स्लॅबवरची तीन माणसं उन्हानं कोसळली आणि त्यातला एक पुन्हा उठला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या अप्पांच्या कानावर पडलं, की जग तापवणाऱ्या धुरात सिमेंटच्या भट्ट्यांचा वाटा फार मोठा आहे. एक गोणी तयार होताना निम्म्या गोणीहून जास्त वजनाचा कार्बन वायू आभाळात जातो. अप्पा घरी आले, अंघोळ करून पूजेला बसले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांपुढे म्हणाले, "आपल्याच हातानं आपल्याच डोक्यावरचं आभाळ तापवायलोय आपण. आजपासून आपल्या साईटवर गोणी उतरणार नाही."

बाजारात लोक हसले. "अप्पा आता काय ज्वारीच्या पिठानं बांधणार का?" असं चहाच्या गाड्यावर बोलणं चाले. कामं गेली, निम्मी माणसं गेली. महानंदाला पुण्याहून नोकरीची दोन बोलावणी आली. ती गेली नाही. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बाईला, घेतलेला नेम काय असतो हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हसणारे पुढे हळूहळू गप्प झाले. आज मंगळवेढ्याची शाळा, बार्शीचं वाचनालय, अक्कलकोटचं भक्तनिवास, सगळं हत्तुऱ्यांचं, आणि एकातही गोणी नाही. एस.टी.तून जाताना महानंदा बिनओळखीच्या बाईलाही खिडकीतून बोट करून दाखवी, "ती दिसते ना, ती आमची."

सजीव भिंत ही कल्पना तशी साधीच. मातीत राहणारे काही जीवाणू असे असतात, की त्यांना यूरिया आणि चुन्याचा अंश असलेलं पाणी मिळालं, तर ते आपल्या अंगाभोवती चुनखडी तयार करतात. वाळूच्या दोन कणांमध्ये असा जीवाणू बसला, की ते कण एकमेकांना घट्ट धरतात. शिंपला समुद्राच्या गार पाण्यात आपलं घर बांधतो, त्याला भट्टी लागत नाही, तसंच हे. हत्तुऱ्यांच्या भिंतीत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून घातलेला असे, खाणीवर वाया जाणारा दगडाचा कच असे, आणि त्यात कोट्यवधी जीवाणू. साखर कारखान्याची मळी, यूरिया आणि चुनखडीचं पाणी हे त्यांचं खाद्य. बारीक नळ्यांतून ते भिंतीत झिरपवायचं. त्यातून निघणारा उग्र वास नळीनंच परत ओढून घ्यायचा आणि त्याचं खत करायचं. चार-पाच महिन्यांत भिंतीचा दगड होई.

पण सौजन्याची खरी करामत पुढे होती. भिंत पुरी झाल्यावरही तिच्या पोटात काही जीवाणू झोपून राहावेत. पुढे कधी तडा गेला, पावसाचं पाणी आत शिरलं, की त्यांनी जागं व्हावं, भिंतीतच उरलेल्या खाद्यावर नवी चुनखडी करावी आणि तडा बुजवून पुन्हा झोपावं. मग भिंतीला डागडुजी नको, पाडापाडी नको. नातवंडांच्या नातवंडांनी तीच भिंत वापरावी.

पूर्वेच्या विंगला खाद्य देणारं यंत्र वेळेवर आलं होतं. पश्चिमेचं यंत्र बंदरातच अडकून पडलं. म्हणून पश्चिमेच्या नळ्या महानंदा आणि रेवम्माच्या बायका हातानं उघडत. वेळापत्रक सौजन्याचंच होतं. फरक एवढाच, की सोमवारी त्या नळ्यांतून नुसतं पाणी जाई.

महानंदाचं माहेर मैंदर्गीचं. तिकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पेरणीची कितीही घाई असो, शेजारचा पुढे निघून जावो, सोमवार हा बैलाचा. राबणाऱ्या जिवाला एक दिवस त्याचा स्वतःचा हवा, हे तिला पाठ करावं लागलं नव्हतं. ते ती अंगणात बघत वाढली होती. पहिल्या सोमवारी खाद्याच्या नळाला हात लावला, आणि हात थांबला. भिंतीत कोट्यवधी जीव राबतायत, रात्र नाही, दिवस नाही, आणि आपण त्यांना सोमवारीसुद्धा जुंपायचं?

"पण अक्का, बैल सुट्टीला वैरण तरी खातोय," रेवम्मा म्हणाली होती. "ह्यांना तर उपाशी ठिवायलाव."

"खाल्लं की त्यांना राबावंच लागतं, रेवम्मा. त्यांचं खाणं आणि काम वेगळं नाही. सुट्टी द्यायची तर ताट वाढायचं नाही. मी तरी कुठं जेवते सोमवारी?"

"मग बरं की. भिंतीनंबी सोमवार धरला म्हणायचं."

बायका हसल्या, आणि तो पायंडा पडला. आठवड्यात सहा दिवस खाद्य मिळतंय, एका दिवसानं काय बिघडतंय, असं महानंदानं मनाशी म्हटलं. सौजन्याला मात्र सांगितलं नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी अप्पांच्या साईटवरच्या खोलीत तिघं बसली. पंखा गरम हवा ढवळत होता. सौजन्या रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं.

"पूर्वेचे जीवाणू अशक्त राहिले असणार," ती म्हणाली. "यंत्रातून खाद्य कमी गेलं असेल. मी ते दुप्पट करते. पुढच्या आठवड्यापासून, यंत्राची मापं नव्यानं बसवली की."

"कर, बाळ, कर," अप्पा म्हणाले. मग जरा पुढे वाकले. "मला विचारशील तर सांगतो. पश्चिमेची विंग सिद्धरामेश्वराच्या देवळाकडं तोंड करून आहे. त्यानंच सांभाळली तिला. मी पाटी करायला टाकतोय. सिद्धरामाच्या कृपेनं उभी राहिलेली भिंत. काय गं नंदा?"

"विचार करून सांगते, अप्पा."

"तू कशाला विचार करतेस? तू तर देवाची."

महानंदा उठून बाहेर आली. दुप्पट. मुलगी नेमकी उलट्या वाटेनं निघाली होती. आता आपण गप्प बसलो, तर नवरात्राच्या आधी आवारात ट्रक येऊन उभा राहणार आणि दहा वर्षांत न उतरलेली गोणी उतरणार. आणि बोललो, तर मुलीला कळणार की तिच्या कामात तिच्याच आईनं तिच्या पाठीमागे हात घातला होता. इकडून नाही तर तिकडून काहीतरी मोडणारच होतं.

पुढचा सोमवार आला. संध्याकाळी महानंदानं पूजा आटोपली, उपास सोडायला ताट केलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. सौजन्याही समोर बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"सौजू," महानंदा म्हणाली, "पश्चिमेला मी सोमवारी खाद्य दिलेलं नाही."

"कुठल्या सोमवारी?"

"कुठल्याच."

सौजन्यानं तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे सुरुवातीपासून?"

"हो. सोमवारी जुंपवेना मला. नुसतं पाणी दिलं."

तिनं ताट दूर सारलं. मग सौजन्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते महानंदाला जास्त लागलं.

"अव्वा, ते बैल नाहीत. आणि ती तुझी गोठ्याची भिंत नाही. रुग्णालय आहे. तिथे बाळंतिणी येणार आहेत. दोन दिवस उपाशी ठेवलं असतंस तर भिंत आतून कच्ची राहिली असती, तुला कळलंही नसतं. माझ्यावर विश्वास नव्हता का तुझा?"

"होता. म्हणूनच विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हटलं असतंस, आणि मला तुझं ऐकावं लागलं असतं."

"हे कसलं गं बोलणं!"

"चुकीचंच आहे. भिंत टिकली म्हणून माझी चूक चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही. तुला न विचारता करायला नको होतं. पण आता तू खाद्य दुप्पट करायला निघालीस, आणि तेव्हा गप्प बसले असते तर ते पाप झालं असतं."

सौजन्या उठली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. महानंदाही जेवली नाही. ताटातल्या दह्यावर पातळ पाणी सुटायला लागलं. मग खिडकीपासूनच प्रश्न आला.

"पाणी मात्र दिलंस?"

"न देऊन कसं चालेल? तहानलेलं कसं ठेवू?"

"मळी नाही, यूरिया नाही, चुना नाही. फक्त पाणी. दर आठवड्याला, एक दिवस, पुन्हा पुन्हा..." सौजन्या वळली. चेहऱ्यावर राग होताच, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. "अव्वा, तू काय केलंयस माहीत आहे का तुला?"

"तेच तर मला माहीत नाही, बाळा. ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौजन्यानं दोन्ही भिंतींची चिमूटभर भुकटी काढली आणि साईटवरच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली. आईला बोलावलं. महानंदानं डोळा लावला. पूर्वेच्या भुकटीत नुसते चुनखडीचे खडे दिसले, आणि त्यांत कोंडून गेलेल्या जीवाणूंची रिकामी टरफलं. पश्चिमेच्या भुकटीत खड्यांच्या फटीफटींतून मोहरीसारखे बारीक, गोल, लखलखणारे दाणे बसले होते.

"हे बीजाणू," सौजन्या म्हणाली. "रोज पोटभर मिळालं की जीवाणू चुनखडी करत राहतात, करत राहतात, आणि शेवटी स्वतःच बांधलेल्या खोलीत कोंडून मरतात. मला वाटलं होतं, शेवटी खाद्य बंद केलं की ते झोपतील. पण झोपी जायलाही अंगात ताकद लागते. उपासाची सवय नसलेल्याला एकदम निर्जळी घडावी तसं झालं त्यांचं. तुझ्या भिंतीतल्यांना दर आठवड्याला भूक कळली. त्या दिवशी त्यांच्यातल्या काहींनी अंगाभोवती जाड कवच केलं आणि ते बी होऊन बसले. हे बी वर्षानुवर्षं कोरडं पडलं तरी मरत नाही. पाणी लागलं की जागं होतं."

"म्हणजे सोमवारनं केलं हे?"

"भुकेनं केलं. सोमवारी केलं."

महानंदा हसली. उत्तर तिला आवडलं. त्याहून जास्त आवडलं ते हे, की जे डोळ्यांसमोर आलं त्याला मुलीनं पाठ दाखवली नाही. स्वतःचं वेळापत्रक, ज्यावर तिचं नाव होतं, जे ती परदेशातल्या सभेत उभी राहून सांगून आली होती, ते तिनं त्या सकाळी काट मारून खोडलं. देवघरात बसून एवढं निर्मळ मन मिळवायला महानंदाची उभी हयात गेली होती, आणि अजून पुरतं मिळालं नव्हतं.

"पण पूर्वेचं काय?" तिनं विचारलं.

"तिथले बहुतेक मेलेत. मेलेल्यांना उपास घडवून काय उपयोग? पश्चिमेचं विरजण लावावं लागेल."

"म्हणजे पश्चिमेची भिंत कोरायची?"

"बारीक भोकं पाडायची. पंचवीस-तीस. ती पुन्हा बुजतील. बुजायला पाहिजेत."

अप्पांनी हे ऐकलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "अगं पोरी, एक विंग पास झालीय तर तिला पण भोकं पाडतेस? एक डोळा गेलाय म्हणून दुसरा काढून लावायचा?"

"डोळा नाही, अप्पा, विरजण," सौजन्या म्हणाली. "चमचाभर दही काढल्यानं भांडं फुटत नाही."

अप्पांनी महानंदाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत अडचणीला ते तिच्याकडेच बघत आले होते. महानंदाला एका क्षणात दोन्ही विंग डोळ्यांपुढे दिसल्या. दोन्ही गळतायत, दोन्हींवर करडं कवच चढतंय. तिनं पदर खोचला.

"पाडू या भोकं," ती म्हणाली. "पहिलं मी पाडते."

"आणि पाटीचं काय? सिद्धरामाची पाटी मी करायला टाकलीय."

"पाटी नको, अप्पा."

"तू म्हणतेस हे? अगं, तुझ्याच सोमवारनं तर..."

"माझा सोमवार माझ्यापाशी. देवाचं नाव पाटीवर घातलं आणि उद्या कुठली भिंत गळली, तर बोल कुणाला लागेल? ज्यानं काम केलं त्याचं नाव घाला. नाही तर कुणाचंच नको."

अप्पा बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "पाटीवाल्याला सांगतो, नुसतं रुग्णालय लिही म्हणून."

सगळा पावसाळा त्या विरजणात गेला. पश्चिमेची भुकटी कोमट मळीत भिजवली, ती पूर्वेच्या नळ्यांतून सोडली, सहा दिवस खाऊ घातलं, सातव्या दिवशी ताट उचललं. आता सोमवारी यंत्रही बंद असे. रेवम्मा त्या दिवशी दोन्ही विंगमधून चक्कर मारायची आणि भिंतींवर हात फिरवून म्हणायची, "बसा गं बायांनो, आज बसा." पश्चिमेची भोकं एकेक करून पांढरी झाली. पूर्वेला नवा तडा पाडला त्या दिवशी मात्र रेवम्मानं डोळे मिटून घेतले.

सौजन्या पुण्याला परत गेलीच नाही. तिनं आईच्या घरी बाजेवर मुक्काम ठोकला. सकाळी महानंदा पूजेला बसली की ती शेजारी चहा घेऊन बसे, आकडे वाचे, आणि आईचे डोळे उघडेपर्यंत बोलत नसे. पूजा झाली, की मग दोघींचं भिंतीवरून जे सुरू व्हायचं, ते साईटवर पोहोचेपर्यंत. एकदा ती म्हणाली, "मी अजूनही रागावलेली आहे बरं का." महानंदा म्हणाली, "असू दे. चटणी घे."

नवरात्राच्या आधी नाईकनवरे आले. या वेळी त्यांच्यासोबत आणखी दोन अधिकारी होते. आवाराबाहेर कवच चढवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. कुणीतरी त्याला आधीच कळवलं असावं. अप्पांनी त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मला कारणं नकोत," नाईकनवरे सौजन्याला म्हणाले. "भिंत दाखवा."

तड्याच्या जागी पांढरी रेघ होती, पण पश्चिमेइतकी गुळगुळीत नव्हती. मध्ये एका ठिकाणी ती बारीक होत केसाएवढी झाली होती. नाईकनवऱ्यांनी भिंग बराच वेळ तिथेच धरलं. महानंदानं सौजन्याचा हात धरला. रेवम्मा आपणहून भिंतीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे भिंतीला टेकवले.

फवारा सुरू झाला. पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं, खाली डबकं साचलं. नाईकनवऱ्यांनी जोर वाढवला. पहिल्या खेपेला एवढ्या वेळात ओल केव्हाच पार झाली होती.

"मुकादम," त्यांनी हाक मारली, "काय आहे तिकडे?"

उत्तर आलं नाही.

"अहो बाई!"

"थांबा की ओ सायब, बघायलेय!" भिंतीपलीकडून आवाज आला. मग, "कोरडी हाय. कोरडी! पिठाच्या डब्यावानी कोरडी हाय ओ!"

नाईकनवरे स्वतः पलीकडे गेले. भिंतीवर हात ठेवला, टिपकागद लावून बघितला. कागद पांढराच राहिला. ते परत आले तेव्हा त्यांनी महानंदाला नमस्कार केला, तिनं सौजन्याकडे हात केला, आणि सौजन्यानं पुन्हा आईकडे. नाईकनवऱ्यांना कळेना की नमस्कार करायचा कुणाला.

अप्पा भिंतीशी गेले. टोपी काढली. वयानं वाकलेल्या त्या माणसानं भिंतीला कपाळ टेकलं आणि तसेच उभे राहिले. "नाही उतरली," ते भिंतीलाच म्हणाले. "नाही उतरली गोणी." बाहेरचा मोटारसायकलवाला केव्हा निघून गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

महानंदा दोन्ही विंगच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. इकडे एक, तिकडे एक. बाईनं आपल्या केलेल्या गोष्टीचा अभिमान धरू नये, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. त्या सकाळी तिनं तो पोटभर धरला. मुलीचा धरला, रेवम्माचा धरला, अप्पांच्या नेमाचा धरला, आणि जे कोट्यवधी जीव भिंतींत निजले होते, त्यांचाही.

त्या वर्षी हत्तुरे बांधकामनं आपलं वेळापत्रक सगळ्यांना खुलं केलं. ज्याला गोणीवाचून बांधायचंय त्यानं घ्यावं. मसुदा वाचायला तिघं पुन्हा त्याच खोलीत बसली.

"इथं 'सोमवारी' असं ठळक अक्षरात घाल," अप्पा म्हणाले. "जगभर जाऊ दे आपल्या सोलापूरचा सोमवार."

सौजन्यानं आईकडे पाहिलं. "भिंतीला वार कळत नाही, अप्पा. पण अव्वा म्हणेल तसं."

महानंदानं वाक्य दोनदा वाचलं. "सात दिवसांत एक दिवस जुंपू नये, एवढंच लिही," ती म्हणाली. "वार ज्याचा त्याला ठरवू दे. आपल्या वाराला जो मान आपण देतो, तोच दुसरा त्याच्या वाराला देईल. तरच त्याच्या हातून तो चुकणार नाही."

अप्पा कुरकुरले, पण सही त्यांनीच पहिली केली.

हिवाळ्यात वसईहून कळलं की तिथल्या चर्चच्या शाळेच्या भिंती रविवारी विसावा घेतात. मग एका दुपारी मालेगावहून फोन आला. नसीम अन्सारी, तिथल्या नव्या सूतिकागृहाची इंजिनियर. आवाजात घाई आणि हसू दोन्ही.

"महानंदाताई, आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात, तर भिंतीलाही शुक्रवारच दिला. पोरं म्हणतात, भिंतही जुम्माला सुट्टीवर! चाललंय झकास. पण आता एक अडचण आलीय."

"काय झालं, बाळा? गळली का?"

"नाही हो, अल्लाची मेहेरबानी. आमचे बशीर मिस्त्री विचारतायत, रमजान येतोय. महिनाभर आम्ही सगळे दिवसा काही खात-पीत नाही, सूर्य मावळला की खातो. मग आमच्यासमोर त्या भिंतीनं दिवसभर खायचं? मिस्त्री म्हणतात, मला बघवणार नाही. मी काय सांगू त्यांना?"

महानंदाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, डोळ्यांत पाणी आलं. बशीर मिस्त्रीला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्याचा नळावर थांबलेला हात तिला स्पष्ट दिसत होता.

"यातलं मला काही कळत नाही गं," ती म्हणाली. "पण असं आहे, की आमच्याकडे आता आधी विचारतात आणि मग करतात. थांब, विचारून सांगते." तिनं फोन टेबलापलीकडे सरकवला. "सौजू, हा प्रश्न तुझा."

सौजन्यानं सगळं ऐकून घेतलं. आधी नाहीच म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. मग तिनं हाताशी असलेला कागद उलटा केला आणि त्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. दिवस, रात्र, दिवस, रात्र.

"दिवसा उपास, रात्री खाद्य... रोज..." ती पुटपुटली. "नसीम, असं आजवर कुणी करून बघितलेलं नाही."

"म्हणजे नको का?"

"नको कसं? बशीर मिस्त्रींना म्हणावं, सगळं सूतिकागृह या प्रयोगाला नाही देणार." तिचे डोळे चमकायला लागले होते. "बाहेरच्या कंपाउंडची एक भिंत वेगळी ठेवा माझ्यासाठी. मी येते."